गुण्याच्या दोन रेघा

३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, वही ठेवा. किती वाजता काय खाल्लं, पाणी किती, कुठली गोळी कधी. ती वही नर्सबाईंनी खाटेच्या दांडीला टांगून ठेवलीय. ही दुसरी, माझी. हिच्यात गोळ्या नाहीत. छापखान्यात अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतला आणि आता स्वतः चार ओळी लिहायच्या तर पहिल्याच ओळीला हात अडतो. असो. इथे खाडाखोड करायची नाही, असं ठरवलंय.

ह्यांना घरी आणून पाच दिवस झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, समजतं बरंच, पण ‘हो’च्या जागी मान ‘नाही’ म्हणून हलते, तेव्हा मानेवर विसंबू नका. डावा हात तेवढा चालतो. दुसरा झटका येऊ शकतो, हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं. कधी, असं विचारलं तर म्हणाले, उद्या किंवा दोन वर्षांनी. असलं वाक्य माझ्याकडे तपासायला आलं असतं तर मी कडेला प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं असतं.

५ फेब्रुवारी

खाट फिरवून घेतली. आता पडल्या पडल्या ह्यांना मागची गॅलरी दिसते. गॅलरी कसली, हत्यारांचं अनाथालय. सतरा रंधे, अकरा करवती, पटाश्या किती ते मोजायचं मी सोडून दिलं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसभर नकाशे काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात जाऊन कुणाकुणा मेलेल्या सुताराची हत्यारं घरी आणायची. रॉकेलात भिजत घालायची, पुसायची, धार लावायची. मी एकदा एक मूठ कागदाने घासून चकाचक करून ठेवली, तर दोन दिवस तोंड फुगवून बसले. म्हणे, गंज काढायचा, वय काढायचं नाही.

आणि नुसती मांडून ठेवणाऱ्यांतले नव्हेत. घरातलं प्रत्येक स्टूल, प्रत्येक फळी त्याच हत्यारांनी केलेली. कुठलंही स्टूल पालथं करून पाहा, प्रत्येक सांध्यापाशी पेन्सिलीच्या दोन रेघा दिसतील. एकाच टिंबातून निघालेल्या, वर एकमेकींपासून जेमतेम केसाएवढ्या फाकलेल्या. मी चिडवायची, “स्वतःच्या पहिल्या रेघेवर विश्वास नाही ना तुमचा?” हे हसायचे. कशा मारतात, का मारतात, ते जवळ जाऊन पाहायचं मात्र माझ्याकडून राहिलं. भुसा केसात जातो.

८ फेब्रुवारी

गॅलरीत बाकावर तीन फळ्या तशाच पडल्यात. ते माझं मेज. पुस्तकं मी हल्ली घरी आणून तपासते, मान अवघडते, म्हणून ह्यांनी उतरत्या झाकणाची पेटी करायला घेतली होती. टेबलावर ठेवायची, झाकणावर कागद पसरायचे, आत पेन्सिली. पाठची फळी आणि दोन्ही बाजूंच्या तयार. पुढची कापायची होती, झाकण आखून ठेवलंय. चार महिन्यांत तीन फळ्या! मी रोज टोचायची, “माझी मान मोडल्यावर देणार का?” हे म्हणायचे, “अगं, घाई कशाला.”

आज दुपारभर त्या फळ्यांकडेच बघत होते.

१० फेब्रुवारी

लेकीचा फोन. रजा मिळत नाही, मिळाली की येते म्हणाली. तिला सांगितलं, मेज मी पुरं करणार.

“आई, तुला खिळा तरी ठोकता येतो का?”

“नाही. म्हणून तर शिकतेय.”

“सुताराला बोलाव ना. एका दिवसात होईल.”

सुताराला बोलावणं सोपं आहे. पण ह्यांनी डोळ्यांनी बघायला हवं की अर्धवट राहिलेलं काम माझ्या हातून, ह्यांच्याच हत्यारांनी पुरं झालं. दुसऱ्या झटक्याआधी व्हायला हवं. हे मी तिला बोलले नाही, नुसतं म्हटलं, “मला वेळ घालवायला काहीतरी हवं.”

११ फेब्रुवारी

पहिला दिवस. करवत दोनदा अडकली, एकदा माझ्या नखावर चालली. हे सगळं खाटेवरून बघत होते. ओठांची डावी बाजू हलली, हसले असावेत. ह्यांची लाडकी म्हण आठवली. कुणी हत्याराला नावं ठेवली की म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणून मी करवतीला काही बोलले नाही, नखालाच बोलले.

१५ फेब्रुवारी

रद्दी लाकडावर पाच दिवस सराव. आता काप रेघेच्या बाजूने जातो, रेघ सोडून गावाला जात नाही. उद्या खरी फळी. काटकोन आखायला गुण्या लागतो. लाकडी मुठीत पोलादी पट्टी बसवलेली असते, मूठ फळीच्या कडेला टेकवायची आणि पट्टीच्या धारेने रेघ मारायची. ह्यांच्याकडे सहा गुण्ये आहेत. मी काळ्या मुठीचा घेतला. एक तर त्याच्यावर ह्यांचा हात सगळ्यात जास्त फिरलाय, अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय, म्हणजे सगळ्यात भरवशाचा तोच असणार. आणि दुसरं म्हणजे तो मी दिलेला.

लग्नाला वर्ष झालं तेव्हा जुन्या बाजारात गेले होते. पन्नासेक गुण्यांच्या ढिगातून पारखून काढला होता. दुकानदार म्हणाला होता, बाईंची नजर तयार आहे. मी म्हटलं, माझ्या नजरेतून वेलांटी सुटत नाही, हा तर एवढा मोठा काटकोन. ह्यांच्या संग्रहातलं पहिलं हत्यार ते. तोवर ह्यांच्याकडे एक पकड होती फक्त.

१६ फेब्रुवारी

आखली, कापली. सरळ! स्वतःची पाठ थोपटावी असा काप आला. ह्यांना दाखवायला खाटेपाशी गुण्या आणि फळी घेऊन गेले. हे फळीकडे बघेनात, गुण्याकडेच बघत राहिले. मग डावा हात उचलला, पंजा उताणा होता तो पालथा केला. परत उताणा, परत पालथा. मी विचारलं, “कूस बदलायचीय?” मानेवर भरवसा नाहीच. मी आणि नर्सबाईंनी मिळून ह्यांना डाव्या कुशीवर घेतलं.

१८ फेब्रुवारी

पुढची फळी बाजूच्या फळीला लावून पाहिली. खाली टेकते, वर फट. नखाचं टोक जाईल एवढी. माझ्या फळीला गुण्या लावला, एकदम चिकटला. ह्यांच्या फळीला लावला तर पट्टीखालून उजेड. दुसऱ्या फळीला लावला, उजेड. तिसऱ्यालाही.

मला हसूच आलं, मग वाईट वाटलं. जन्मभर कागदावर सरळ रेघा मारल्या माणसाने आणि लाकडावर तीनच्या तीन फळ्या वाकड्या. की आजार आधीच सुरू झाला होता? हात तेव्हापासूनच साथ देत नव्हता आणि मी रोज टोचत होते, घाई करा म्हणून? हा विचार आल्यावर चहा पिववेना.

परत हात उताणा-पालथा. परत कूस बदलली.

१९ फेब्रुवारी

जुन्या बाजारातल्या गंजूशेठना फोन लावला. नाव ह्यांनीच पाडलेलं. दुकानात गंजाशिवाय काही नसतं, म्हणून गंजूशेठ. ह्यांचा तिथे चौतीस वर्षांचा राबता, आधी त्यांच्या बापाकडे, मग त्यांच्याकडे. स्वतः खुब्याचं ऑपरेशन होऊन पडलेत, म्हणून बघायलाही येऊ शकले नाहीत. फोनवर रडले थोडे. मग मी फळ्यांचं सांगितलं.

“गुण्या लावला का वहिनी?”

“लावला. उजेड दिसतो.”

“मग सोपं आहे. जिथे टेकतंय तिथलं बारीक रंध्याने काढायचं, उजेड बंद होईस्तोवर. पण बेतानं. लाकूड काढता येतं, चिकटवता येत नाही.”

“ह्यांचं काम वाकडं, पटतं का तुम्हाला?”

म्हणाले, “आजारापुढे कुणाचं चालतं वहिनी.”

२२ फेब्रुवारी

छापखान्यात आम्ही एक खूण वापरायचो. एखादा शब्द चुकून खोडला गेला, आणि तो मुळात बरोबरच होता असं लक्षात आलं, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. म्हणजे खिळे जुळवणारा जुळारी समजतो, की हे आहे तसं राहू दे. लाकडात तशी सोय नाही. म्हणून तीन दिवस रंधा हातात घेऊन नुसती बसले.

आज दुपारी हे पाटीसाठी हात पुढे करू लागले. लेकीची लहानपणची पाटी नर्सबाईंनी मागच्या आठवड्यात काढून दिली होती, आतापर्यंत हात लावला नव्हता. डाव्या हाताने कष्टाने दोन रेघा काढल्या. खाली जुळलेल्या, वर जरा फाकलेल्या. नर्सबाई म्हणाल्या, “ताई, अकरा काढलंय. अकराची गोळी म्हणत असतील.” मला वाटलं, ‘व’ काढायचाय, गोल जमत नाहीये. काय काय विचारलं मी! वही? वारा? वेदना? ह्यांनी डोळे मिटून घेतले. मग पाटी पुसली, परत त्याच दोन रेघा. शेवटी अकराची गोळी साडेअकराला दिली होती, ती उद्यापासून वेळेवर द्यायचं ठरवलं.

२४ फेब्रुवारी

आज काढलं. तिन्ही फळ्यांची टोकं.

रंधा चालतो कसा ते कळलं. आधी खरखरतो, मग एकदम सुरात येतो, आणि लाकडाची पापडी कांद्याच्या सालीसारखी निघते. दार उघडंच ठेवलं होतं, ह्यांना दिसावं म्हणून. पहिल्या फळीला ह्यांचा हात सारखा हलत होता. “हो हो, आलेच,” म्हणत मी दोनदा जाऊन कूस बदलून आले. दुसऱ्या फळीला घशातून आवाज काढला. घरी आणल्यापासून पहिल्यांदा! मी रंधा टाकून धावले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पदराने पुसलं आणि म्हटलं, “अहो, रडताय काय, होतंय तुमचं मेज. तुमची चूक होती ना, ती काढतेय. एवढं काय.” आणि मीही रडले. पंचवीस दिवसांत आम्ही दोघं मिळून पहिल्यांदाच रडलो, त्यामुळे बरं वाटलं.

तिसऱ्या फळीला हे शांत होते. उजेड बंद झाला. चारही फळ्या गुण्याला चिकटल्या.

२७ फेब्रुवारी

जोडलं, आणि बसत नाही. चारही फळ्या गुण्याशी जुळतात, पण एकमेकींशी जुळत नाहीत. हे कसं होतं देव जाणे. खाली सगळं जुळतं, वर चारही कोपऱ्यांत फट. सरस घातला, स्क्रू पिळले, ओढून ताणून चौकोन केला. आता टेबलावर ठेवलं की एक कोपरा अधांतरी. डुगडुगतं. झाकण ठेवून पाहिलं तर एका बाजूने आत घुसतं, दुसरीकडे बाहेर येतं. झाकण ह्यांनी आधीच आखून ठेवलंय, सांध्यांच्या जागी नेहमीच्या दोन दोन रेघा. ते कापायचं धाडस होईना. उगाच तेही बिघडायचं.

अंगण वाकडं नव्हतं. मलाच नाचता येत नव्हतं.

१ मार्च

झाकण नुसतंच वर ठेवून मेज ह्यांच्यापाशी नेलं. म्हटलं, “झालं बघा. थोडं लंगडं आहे, तुमच्यासारखंच.”

ह्यांनी डावा हात कडेवरून फिरवला. कोपऱ्याशी आले, बोटाने फट चाचपली, थांबले. झाकणावरच्या आपल्या पेन्सिलीच्या रेघांवर बोट ठेवलं. मग माझा हात धरला आणि त्याच्यावर थापटलं, दोनदा, तीनदा. लेक पहिल्यांदा नापास झाली होती तेव्हा तिच्या डोक्यावर असंच थापटलं होतं.

हात उताणा-पालथा आज एकदाही केला नाही. पाठीला आराम पडला असावा.

८ मार्च

सकाळी सव्वानऊला गेले. मी दूध तापवत होते.

डॉक्टर आले, सगळं पाहिलं. जाताना मला म्हणाले, “पाठ किती छान ठेवलीत तुम्ही. एवढे दिवस अंथरुणात, आणि एक व्रण नाही.” नर्सबाई म्हणाल्या, “ताई सारखी कूस बदलायच्या ना. साहेब खुणेने सांगायचे, की लगेच.”

लेक दुपारी पोचली. रजा मिळाली होती.

२६ मार्च

लेक परत गेली. जाताना विचारलं, “बाबांच्या हत्यारांचं काय करणार?” म्हटलं, गंजूशेठ चालायला लागले की बोलावते. घेतील, नाहीतर कुणाला देतील.

३० मार्च

गंजूशेठ आले. काठी टेकत, तीन जिने. ह्यांच्या खाटेकडे बघवेना त्यांना, म्हणून सरळ गॅलरीत गेले. एकेक हत्यार उचलायचे, हे कुठल्या साली नेलं, किती घासाघीस केली, सगळं पाठ. मग मेज दिसलं. हाताने डुगडुगवून पाहिलं.

“वहिनी, हे कसं काय? आखलंत कुठल्या गुण्याने?”

“काळ्या मुठीच्या.”

ते एकदम बाकावर बसले. “सहा गुण्ये होते घरात.”

“हाच तर सगळ्यात वापरातला.”

“वापरातला, हो,” म्हणाले. एक फळकूट घेतलं, गुण्या कडेला टेकवला, रेघ मारली. मग गुण्या उचलून पालथा केला, मूठ उलट्या बाजूला, आणि त्याच टिंबातून दुसरी रेघ मारली. गुण्या सरळ असता तर रेघ रेघेवर बसली असती. बसली नाही. खाली जुळलेल्या, वर जरा फाकलेल्या, अशा दोन रेघा.

“हा पहिल्यापासून वाकडा आहे,” ते म्हणाले. “म्हणून भाऊ दोनदा आखायचे. एकदा उताणा, एकदा पालथा. दोन रेघांच्या बरोबर मधोमध काप घ्यायचा, की काटकोन. त्यांच्या कामात केसाचा फरक निघायचा नाही. मला वाटलं तुम्ही नव्यातला कुठला घेतला असेल. फोनवर विचारायला हवं होतं मी.”

मी विचारलं, “सरळ करता येत नाही का हा?”

“दोन मिनिटांचं काम. मी किती वेळा म्हटलं, भाऊ, द्या ठोकून देतो. तर म्हणायचे, नको. तिने पन्नासातून पारखून आणलाय. सरळ केलास तर तिला कळेल, वाकडा होता.” मग खाली बघत म्हणाले, “आमच्या बापाने विकलेला माल वहिनी. त्याला ठाऊक असणार.”

मी म्हटलं, “म्हणजे ह्यांच्या तिन्ही फळ्या—”

“चहा टाका वहिनी,” गंजूशेठ म्हणाले. “घोटभर चहा घेऊ.”

मी चहा टाकला. चहा उतू गेला.

३१ मार्च

घरातली सगळी स्टुलं पालथी केली. फळ्या काढून पाहिल्या. लेकीचा पाळणा होता माळ्यावर, तोही काढला. सगळीकडे दोन रेघा, आणि मधोमध काप. चौतीस वर्षं. अंगण खरंच वाकडं होतं, मीच आणून दिलेलं, आणि हा माणूस चौतीस वर्षं त्याच्यावर सरळ नाचला. आणि मी विचारायची, स्वतःच्या रेघेवर विश्वास नाही का?

हात उताणा, हात पालथा. गुण्या उलटा कर, एवढंच सांगत होते. मी दर वेळी ह्यांनाच उलटं केलं. हे निमूट वळत राहिले. पाटीवर काढूनही दाखवलं, आणि मी अकराची गोळी दिली. वेलांटी सुटत नाही म्हणे माझ्या नजरेतून.

रंधा चालवला त्या दिवशीचं ह्यांच्या डोळ्यांतलं पाणी आनंदाचं नव्हतं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, तुमची चूक काढतेय. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं बरोबर असलेलं काम तासून टाकलं. तरी शेवटी थापटला तो माझाच हात.

२ एप्रिल

गंजूशेठ मेज दुरुस्त करून देतो म्हणाले, फळ्या नव्या घालून. नको म्हटलं. गुण्याही ठोकू नका म्हटलं. बाकी हत्यारं न्या, हा राहू दे.

त्या पापड्या अजून बाकाखाली पडल्या होत्या, झाडल्याच नव्हत्या. बसून शोधल्या. तीन-चारांवर पेन्सिलीच्या रेघांचे तुकडे मिळाले. ते ह्या वहीत ठेवलेत, पण त्यांचं आता काही होण्यासारखं नाही.

झाकण तेवढं वाचलंय. त्याला मी हात लावला नव्हता. आज मेज टेबलावर ठेवलं, अधांतरी कोपऱ्याखाली पुठ्ठा सारला, झाकण वर ठेवलं. मग तासलेली पेन्सिल घेतली, आणि ह्यांच्या दोन रेघांखाली, प्रत्येक सांध्यापाशी, एकेक करून टिंबं दिली.

हे त्याच्यावरच लिहितेय. मान अवघडत नाही.